चीफ साळवी आणि खरवडलेला नंबर

मी आयुष्यात एकच शिकार डोळ्यांनी पाहिली. ती सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या एका हॉलमध्ये झाली, रविवारी दुपारी, पोहे-चहा आटोपल्यावर. शिकारी तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर होता, सावज माइकसमोर उभं होतं आणि हत्याराचा फक्त फोटो होता, पडद्यावर. तो फोटो मोठा करायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे मी साथीदार. पश्चात्ताप म्हणाल तर अजून तरी झालेला नाही, आणि मी त्याची वाटही पाहत नाही.

शिकाऱ्याचं नाव यशवंत साळवी. आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्याच मजल्यावर, आमच्या दारापासून चौथं दार. मूळचे चिपळूणजवळच्या एका गावचे. उभा जन्म जहाजांच्या पोटात, इंजिनांच्या धगीत काढून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि मुलगी इथे नोकरीला म्हणून इथेच राहिले. सगळी मराठी मंडळी त्यांना चीफ म्हणायची. त्यांच्या पत्नी सुमनवहिनीही म्हणायच्या, पण त्यांच्या तोंडी तो हुद्दा फार मोठा वाटत नसे. "चीफ, कचऱ्याची पिशवी दारात ठेवलीय."

उंची बेताची, डोकं गुळगुळीत, कानांवर मात्र भरघोस केस. बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. कुठेही गेले की आधी स्क्रू पाहायचे. हॉकर सेंटरमध्ये जेवायला बसले की डोक्यावरच्या पंख्याचे, दवाखान्यात गेले की खुर्चीचे, आणि एकदा तर एका लग्नात नवरदेवाच्या सिंहासनाचे. "स्क्रूच्या तोंडावर लिहिलेलं असतं," म्हणायचे, "कोण उघडून गेलं आणि त्याला काम येत होतं की नाही."

या माणसाचा विषय होता जुनी लष्करी रिव्हॉल्व्हर. खरं कोणतं, खोटं कोणतं आणि खऱ्याची लायकी किती. कॅनडापासून बेल्जियमपर्यंतचे हौशी संग्राहक त्यांना फोटो पाठवायचे आणि श्वास रोखून उत्तराची वाट पाहायचे. मौज अशी, की चीफच्या घरात एकही रिव्हॉल्व्हर नव्हतं. असणं शक्यच नव्हतं. सिंगापूरमध्ये रिकामं काडतूस खिशात सापडलं तरी माणसाला पोलिसांपुढे बसून खुलासा करावा लागतो. गणपतीतल्या नाटकात खलनायकाला खेळण्यातलं पिस्तूल द्यायचं ठरलं, तर चीफनी आमच्या घरी चाललेली तालीम थांबवली. "परवानगीशिवाय नकली सुद्धा चालत नाही."

"मग मी धमकी कशाने देऊ, चीफ?" खलनायक रडवेला झाला.

चीफ आमच्या स्वयंपाकघरात गेले आणि झारा घेऊन आले. नायिका झाऱ्याला भिऊन थरथर कापली, आणि आमचं रहस्यनाट्य त्या वर्षी विनोदी म्हणून गाजलं.

तर, ज्या शहरात ती वस्तू हातात धरता येत नाही त्या शहरात बसून हा माणूस जगभरची हत्यारं फोटोवरून पारखायचा. मला वाटतं, त्यांची नजर त्यामुळेच तशी झाली. हातात घेणारा माणूस वजनाला भुलतो, थंड लोखंडाला भुलतो. चीफना भुलायची सोयच नव्हती.

एका संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर दोन फोटो ठेवले. एक रिव्हॉल्व्हर काळंनिळं, आरशासारखं चमकणारं. दुसरं झिजलेलं, नळीचं तोंड पांढरं पडलेलं.

"बोल नितीन, कुठलं घेशील?"

मी चमकणाऱ्यावर बोट ठेवलं.

"म्हणूनच तू आयटीत आहेस," चीफ म्हणाले. सुमनवहिनी आतून हसल्या.

मग शिकवणी झाली. चमकणाऱ्यावरची अक्षरं बघ, म्हणाले, वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी विरघळलीत. कारण कोणीतरी आधी घासून पॉलिश केलंय आणि वर नवी झिलई चढवलीय. झिलईच्या खाली बारीक खड्डे दिसतात ना? तो गंज. आधी गंज, मग झिलई. आता हे दुसरं बघ. नळीचं तोंड पांढरं, कारण ते चामड्याच्या म्यानात आत-बाहेर झालंय. मुठीची कड झिजलीय, कारण तिथे तळहात लागतो. पण आतल्या कोपऱ्यात, जिथे बोट पोचत नाही, तिथे पहिल्या दिवसाचा निळा रंग शाबूत आहे. "हात लागेल तिथेच झीज. खोटं करणारा सगळीकडे सारखंच घासतो. त्याला धीर नसतो."

"मग किमतीचं काय?"

"झिजलेल्याची चौपट. आणि चमकणाऱ्याच्या मालकाला मी आत्ताच कळवलंय. बिचारा बायकोशी भांडून घेऊन बसला होता." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते बिचाऱ्यासाठी नव्हतं.

या नजरेने मलाही एकदा वाचवलं. आम्ही यिशुनला एक फ्लॅट जवळजवळ घेतलाच होता. महाराष्ट्र मंडळातली ओळख म्हणून चीफना दाखवायला नेलं. एजंट खिडकीतल्या हवेचं कौतुक करत होता, आणि चीफ बाथरूमच्या दाराशी गुडघ्यावर बसले होते.

"बिजागऱ्या जुन्या, स्क्रू नवे," ते मला मराठीत म्हणाले. "दार बदललंय. दार कोण बदलतं? ज्याचं खालून कुजतं तो. पाणी मुरतंय इथे."

"अंकल, यू प्लंबर आह?" एजंटने विचारलं.

"नो. चीफ इंजिनियर."

एजंट शेवटी कबूल झाला. आम्ही तो फ्लॅट सोडला आणि पासिर रिसला चीफच्याच मजल्यावर आलो. पण गोष्ट इथे संपत नाही. त्या एजंटला चीफनी पुढे सहा महिने, दर सोमवारी सकाळी नऊला, न चुकता एकच मेसेज पाठवला. "बाथरूम फ्लोअर ड्राय?"

"चीफ, पुरे की आता," मी म्हणालो. "फ्लॅट तर मी घेणार होतो. मी विसरलोसुद्धा."

"तू विसरलास म्हणूनच मला करावं लागतंय."

त्यांचं म्हणणं असं, की राग म्हणजे जहाजावरचा जादाचा पंप. बंद ठेवला तर जाम होतो आणि ऐन वेळी दगा देतो. म्हणून रोज थोडा चालवून बघायचा. आणि जे माझ्या फ्लॅटसाठी एजंटला छळू शकत होते, त्यांच्या स्वतःच्या रागाचं काय? एकदा मी सहज विचारलं, "चीफ, तुम्ही इंजिनातले. हा रिव्हॉल्व्हरचा नाद कुठून लागला?"

"सूड घ्यायचाय," चीफ म्हणाले. "चहा घेणार?"

चहा घेतला, आणि ऐकलं.

चीफचे वडील, हवालदार रामचंद्र साळवी, लष्करात आर्मरर होते. म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे. पासष्टच्या लढाईत आघाडीवर एका अधिकाऱ्याच्या रिव्हॉल्व्हरचा सिलेंडर तडकला. सिलेंडर म्हणजे सहा गोळ्या बसतात ते गोल फिरणारं चक्र. सुटा भाग मागवायला वेळ नव्हता. रामचंद्ररावांनी एका मोडक्या रिव्हॉल्व्हरचा सिलेंडर काढला, ट्रकच्या मागच्या फळीवर बसून कानशीने घासून या रिव्हॉल्व्हरला बसवला, त्याच्यावरचा जुना नंबर एका रेघेने खोडला आणि शेजारी या रिव्हॉल्व्हरच्या बॉडीचा नंबर हाताने ठोकला. हातोडी मारताना ट्रक हलला, त्यामुळे शेवटचे दोन आकडे उजवीकडे कलले. नियमाप्रमाणे बाजूला पलटणीची बारीक खूणही ठोकली. तासाभरात अधिकारी ते कमरेला लावून पुढे गेला आणि जिवंत परत आला.

काही वर्षांनी लष्कराने ते रिव्हॉल्व्हर जुनं म्हणून बाद केलं. रामचंद्रराव तेव्हा निवृत्तच होत होते. त्यांनी ते लायसन्सवर विकत घेतलं आणि त्या तासाभराची गोष्ट पुढे आयुष्यभर सांगितली. सणाला सांगितली, बारशाला सांगितली, गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सांगितली. चीफच्या आई प्रत्येक वेळी शेजारी बसून, कललेल्या दोन आकड्यांची जागा आली की नवऱ्याच्या आधी म्हणायच्या, "ट्रक हलला!"

रामचंद्रराव गेले तेव्हा चीफ जहाजावरून सुट्टीवर होते आणि जेमतेम अडीच आठवड्यांनी परत रुजू व्हायचं होतं. लायसन्स वडिलांच्या नावाचं, घरात दुसऱ्या कोणाकडे नाही, पोलीस चौकीतून हत्याराचं काय ते करा म्हणून निरोप आलेला. कोणीतरी पुण्याच्या एका जाणकाराचं नाव सुचवलं. अभयसिंह सरनौबत. लायसन्स असलेला संग्राहक, बोलणं रुबाबदार. तो तेराव्याला आला, पंगतीत जेवला आणि माजघरात सगळ्या नातेवाइकांसमोर त्याने ते रिव्हॉल्व्हर हातात फिरवलं.

"सिलेंडर दुसऱ्याच हत्याराचा आहे," तो म्हणाला. "दोन भंगार जोडून एक केलंय. हे आकडे बाजारातल्या एखाद्या मिस्त्रीने ठोकलेत, तेही वाकडे. असलं हत्यार कोणत्याही अधिकाऱ्याच्या कमरेला नव्हतं."

"पण ते लढाईत..." चीफच्या आई म्हणाल्या.

"गोष्ट छान आहे, आई," सरनौबत हसून म्हणाला. "फौजी माणसं सांगतात अशा गोष्टी. मी घेऊन जातो, तुमची कटकट जाईल."

जवळजवळ फुकटच घेऊन गेला. कागदावर सही चीफनी केली आणि चार दिवसांनी ते जहाजावर चढले. आईंनी भिंतीवरचा वडिलांचा गणवेशातला फोटो काढून कपाटात ठेवला. "ट्रक हलला" हे शब्द त्या घरात पुन्हा कोणी उच्चारले नाहीत. काही वर्षांनी आई गेल्या.

"माझी आई माझ्या बापाला खोटारडा समजून गेली, नितीन," चीफ म्हणाले. कप त्यांनी बशीत इतका हळू ठेवला की आवाज झाला नाही. "आणि त्या माणसाला कळलं नव्हतं असं समजू नकोस. पलटणीची खूण होती तिथे. जाणकार आहे तो, त्यात वाद नाही. कळलं होतं, म्हणूनच भंगार म्हणाला."

पुढे त्यांना संग्राहकांच्या एका वेबसाइटवर तेच रिव्हॉल्व्हर दिसलं. बॉडीवरचा नंबर तोच. दर तीन वर्षांनी लायसन्सच्या नूतनीकरणाचा फॉर्म चीफच भरायचे, तो नंबर त्यांना स्वतःच्या पासपोर्टच्या नंबरापेक्षा चांगला पाठ होता. पण सिलेंडरवर आता खोडलेली रेघ नव्हती, कललेले आकडे नव्हते, पलटणीची खूण नव्हती. नंबर सरळ, सुबक, कारखान्यात पडतो तसा. खाली सरनौबतची सही, अस्सल असल्याच्या प्रमाणपत्राखाली.

त्या दिवशी चीफ शिकायला बसले. कोणत्या नळीवर कोणती खूण, कोणत्या कारखान्याचा आकडा कसा, झिलई कशी उडते, गंज कसा बसतो. जहाजावर ड्यूटी संपली की केबिनमध्ये तेच. लोक त्याला छंद म्हणत. छंद कसला, धार लावणं चाललं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरं काम हाती घेतलं, ते ऐकून मी खुर्चीतून उठून त्यांना सलाम केला. पाच वर्षं त्यांनी सरनौबतच्या प्रत्येक लेखाला दाद देणारी पत्रं लिहिली. "य. आर. साळवी, एक सामान्य वाचक, सिंगापूर." सरनौबतला साळवी नावाचं कोणी आठवेना, कारण ते त्याने कधी लक्षात ठेवलंच नव्हतं. दर पत्रात चीफ एक वाक्य घालायचे, सरांनी कधी सिंगापूरला यावं. शेवटी सरनौबतचं पुस्तक आलं, आपल्याच संग्रहावरचं, गुळगुळीत कागदाचं. आणि चीफनी मंडळात ठराव मांडला, की अशा व्यासंगी माणसाचं व्याख्यान आपण ठेवलं पाहिजे. मंडळाला दर वर्षी कोणीतरी हवंच असतं. ठराव मंजूर झाला. तिकिटाच्या निम्म्या खर्चाचा भार चीफनी आनंदाने उचलला.

आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले.

"पडदा तुझ्या ताब्यात?"

"हो, चीफ."

"मी सांगेन ते मोठं करायचं. मधे बोलायचं नाही. हसायचं नाही."

"हसायचंही नाही?"

"तुला आवरत नाही, माहीत आहे मला. गालात सुपारी धर."

माझी बायको मेधा स्वयंपाकघरातून म्हणाली, "चीफ, भांडण होणार असेल तर मी पोहे कमी करते."

"छे! भरपूर कर. पोटभर खाल्लेला माणूस पटकन पळत नाही."

आमच्या कन्येने कानातला इअरफोन काढून एवढंच म्हटलं, "अंकल सो स्केअरी लाह."

सरनौबत बोलला मात्र छान, ते मान्य केलं पाहिजे. पिळदार मिशा, रेशमी कुर्ता, बोटात पोवळं. कार्यक्रम पुण्यातल्या संग्राहकांना थेट दिसला पाहिजे, हा त्याचाच आग्रह होता. मी अगदी मनापासून व्यवस्था केली. तासभर पडद्यावर एकेक हत्यार येत गेलं आणि मग ते आलं.

"हा माझ्या संग्रहाचा मुकुटमणी," सरनौबत म्हणाला. "पासष्टच्या आघाडीवर एका कर्नलच्या कमरेला होतं. कारखान्यातून निघालं तसंच्या तसं आहे. एकाही आर्मररचा हात याला लागलेला नाही. प्रमाणपत्र मी स्वतःच्या सहीने दिलंय."

टाळ्या झाल्या. पहिली टाळी चीफची.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा चीफ उभे राहिले, खांदे पाडून, आवाज नरम करून. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. "सर, मी साधा इंजिनवाला माणूस. बॉडीवरचा नंबर जरा वाचून दाखवता? माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत."

डोळे! मी सुपारी दाबून धरली.

सरनौबत पडद्याकडे वळला. "दोन, सहा, चार..." आणि चीफ डोळे मिटून त्याच्याबरोबर म्हणू लागले, आरती म्हणतात तसे, अर्धा ठोका पुढे. "एक, नऊ, शून्य." शेवटचा आकडा चीफच एकटे म्हणाले. सरनौबत थांबला होता.

"तुम्हाला पाठ आहे?"

"लायसन्सचा फॉर्म मीच भरायचो, सर. हवालदार रामचंद्र साळवी, आर्मरर, यांच्या नावाचं. तुम्ही आमच्या घरी आला होतात. तेराव्याला. जेवून गेलात."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. सरनौबत हसला, पण हसू मिशांच्या वर चढेना. "असेल बुवा. शेकडो हत्यारं हाताखालून जातात."

"नितीन, सिलेंडर," चीफ म्हणाले.

मी मोठा केला. आणखी मोठा केला. आता चीफचे खांदे सरळ झाले होते आणि आवाज इंजिनरूममधला होता. "मंडळी, लोखंडावर पडलेली ही उजेडाची रेघ बघा. सरळ येतेय, येतेय, आणि नंबराजवळ वाकतेय. गोल वस्तूवर रेघ वाकते ती खळगा असेल तिथे. म्हणजे इथलं लोखंड कोणीतरी खरवडून काढलंय. आता नंबराच्या कडा बघा, चमकतायत. म्हणजे झिलई आधी आणि नंबर नंतर. कारखान्यात नंबर आधी पडतो." त्यांनी श्वास घेतला. "आता माझा प्रश्न. त्या दिवशी आमच्या माजघरात तुम्ही म्हणालात, हे दोन हत्यारांचं भंगार आहे, लढाईची गोष्ट बनावट आहे. आज म्हणता, हे लढाईतलं आहे, अस्सल आहे, कोणाचा हात लागलेला नाही. सर, खोटं त्या दिवशी बोललात की आज?"

अहाहा! मी तो क्षण कधीकधी झोपण्याआधी आठवतो, गोड खाल्ल्यासारखा. त्या दिवशी म्हणावं, तर विधवेला फसवून वस्तू नेली. आज म्हणावं, तर सहीचं प्रमाणपत्र खोटं. दोन्ही दारं बंद, आणि किल्ली तिसऱ्या रांगेत. पुण्याहून शेरे यायला लागले होते. मी ते वाचून दाखवले नाहीत, तेवढी सभ्यता माझ्यात आहे. फक्त पडद्याच्या कोपऱ्यात आपोआप दिसत राहतील, अशी सोय केली.

"काही तांत्रिक बाबी असतात..." सरनौबत म्हणाला.

"मी बसतो. वेळ घ्या." आणि चीफ खरंच बसले.

कोणाचा तरी चमचा बशीवर वाजला. सरनौबत पाणी प्याला. मग म्हणाला, "त्या दिवशी माझा अंदाज चुकला."

"नाही, सर. अंदाज बरोबर होता. सिलेंडर बदललेला होताच. बदलला कोणी, एवढंच विचारतोय."

"तुमच्या वडिलांनी बदलला असेल."

"असेल?"

"बदलला होता."

"कुठे बसून?"

"आघाडीवर," सरनौबत म्हणाला. "पलटणीची खूण होती त्यावर. मी पाहिली होती."

"माझा प्रश्न संपला," चीफ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाआधी सरनौबत चीफच्या दारात उभा होता. मी तेव्हा योगायोगाने साखर मागायला तिथे गेलो होतो. आमच्याकडे दोन किलो साखर होती, पण योगायोग तो योगायोग. सुमनवहिनींनी त्याला उपमा दिला. त्याने खाल्ला नाही.

"ते रेकॉर्डिंग काढून टाका," तो म्हणाला. "माझी चाळीस वर्षांची प्रतिष्ठा आहे."

"काढू की," चीफ म्हणाले आणि कोरा कागद पुढे सरकवला. "तुम्ही परीक्षण अहवाल लिहिता ना? एक लिहा. मी सांगतो."

चीफ सांगत गेले, सरनौबत लिहीत गेला. सिलेंडर आघाडीवर हवालदार रामचंद्र साळवी यांनी बदलला. नंबर त्यांनी हाताने ठोकला. तो नंबर आणि पलटणीची खूण नंतर मी खरवडून काढली.

"आता किंमत," चीफ म्हणाले. "खरवडण्याआधीची लिहा, मग नंतरची लिहा."

सरनौबतने नंतरची लिहिली. आधीच्या जागी पेन थांबलं. या एकाच वेळी तो खरा जाणकार वाटला मला. "आधीची आता कशी सांगणार?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "ते आकडे आता कुठेच नाहीत. आघाडीवर हाताने ठोकलेला नंबर, खुणेसकट... असं दुसरं मी पाहिलेलं नाही."

चीफ खिडकीकडे वळले होते. कानांवरचे पांढरे केस तेवढे दिसत होते. "मग तेच लिहा," ते म्हणाले. "सांगता येत नाही, असं लिहा. आणि सही करा."

त्याने सही केली. "आता काढणार ना रेकॉर्डिंग?"

मी म्हणालो, "माझ्याकडचं लगेच काढतो. पण पुण्यात कोणीकोणी उतरवून घेतलंय, ते काही माझ्या हातात नाही."

चीफनी स्वतः लिफ्टचं बटण दाबून त्याला निरोप दिला. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत हात जोडून उभे होते, जावयाला पोचवायला आल्यासारखे.

पंधरा दिवसांनी ते अहवाल घेऊन गावी गेले. पुन्हा सिंगापूरला आले नाहीत. सुमनवहिनींनीही इथलं आवरलं आणि त्या तिकडे गेल्या. फोन होतात, पण व्हिडिओ लावायचं चीफ टाळतात. त्यामुळे मला दिसलेले शेवटचे चीफ ते गावी अहवाल वाचला त्या दुपारचे. विजय पाहायला मी हवा म्हणून त्यांनीच मला व्हिडिओ कॉल लावला होता.

चीफ सोडले तर तेराव्याच्या माजघरातलं एकच माणूस आता उरलं होतं. चीफची आत्या, नव्वदीची, दोन्ही कानांनी बहिरी. ती पडवीत खाटेवर बसली होती. चीफनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि आत्याच्या कानाशी तोंड नेऊन अख्खा अहवाल ओरडून वाचला. शेजारची दोन घरं गोळा झाली. "सांगता येत नाही" हे शब्द त्यांनी दोनदा वाचले.

"झालं?" आत्याने विचारलं.

"झालं! बाबा खरं बोलत होते, आत्या! त्याने लिहून दिलंय!"

"ते मला काय सांगतोस? दादा खोटं बोलणारा होता काय?"

"पण आईला तसं वाटलं ना! फोटो आत ठेवला तिने!"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. "वैनीला? अरे, ती तुझ्यावर रागावलेली. दादाची वस्तू तू तेराव्याला परक्याच्या हातात दिलीस नि निघून गेलास जहाजावर. म्हणायची, त्या फोटोसमोर उभी कशी राहू? ते विचारतील, पोराने दिलीच कशी?"

चीफच्या हातातला कागद खाली आला. "मला कधी बोलला नाहीत तुम्ही कोणी."

"काय?"

"मला बोलला नाहीत!"

"तू विचारलंस कधी? आलास की त्या पुणेकराला शिव्या, नि सुट्टी संपली की गेलास." तिने कागदावर बोट ठेवलं. "दिलं कोणी, ते आहे का ह्यात?"

चीफनी मान हलवली. नाही.

"मग लिही."

इथे हसायचं नाही हे मला कोणी सांगावं लागलं नाही. शेजारच्या बाईंनी पेन आणून दिलं. चीफ खाटेच्या कडेला बसले, कागद गुडघ्यावर ठेवला आणि सरनौबतच्या सहीखाली एक ओळ लिहिली. लिहायला बराच वेळ लागला. मग खाली सही केली.

"वाच," आत्या म्हणाली.

चीफनी वाचलं. फोनवर मला काही ऐकू आलं नाही, फक्त ओठ हलताना दिसले.

"ऐकू नाही आलं."

चीफनी पुन्हा वाचलं. आत्याने हात कानामागे धरला आणि मान हलवली.

तेव्हा चीफ उभे राहिले. इंजिनरूममध्ये दोन इंजिनांच्या आवाजावर माणूस ओरडतो तसे, डोळे मिटून ओरडले, "हे रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात मी दिलं! यशवंत रामचंद्र साळवी!"

"हां," आत्या म्हणाली. "आता आलं."